पिवळी पट्टी

"पट्टीवरून चाला, नाना," मॅनेजरबाई म्हणाल्या. "कपाटापासून दारापर्यंत. एवढंच."

कारखान्याच्या जमिनीवर रंगवलेली पिवळी पट्टी. एका बाजूला माल, दुसऱ्या बाजूला माणसं. काम सोडून बघत उभी राहिलेली.

नाना उभे होते तोवर काहीच दिसत नव्हतं. स्टोअरकीपर. इस्त्रीचा शर्ट, नीट पाडलेला भांग.

मग पाऊल.

उजवं पट्टीवर. डावं पट्टीच्या

बाहेर. आधारासाठी हात आपोआप उठला. भिंत लांब होती.

"स्टेअरिंग सांभाळा," पॅकिंगच्या टेबलाकडून कोणीतरी म्हणालं. "सकाळी सकाळीच टाकी फुल."

हसू पसरलं. टोकाच्या लेथवरची मुलगी तेवढी हसली नाही. तिने मानही वर केली नाही. ती नानांची मुलगी होती.

युनियनचा सेक्रेटरी जवळ सरकला. खरं काय ते कारखान्यात त्याला एकट्याला माहीत होतं. लहान मेंदू आक्रसत चाललाय. आधी पाय, मग हात, मग जीभ.

"सांगून टाका ना," तो कुजबुजला. "आजारी माणसाला असं काढता येत नाही. बसायचं काम देतील. दारूचं ठरलं तर आजच घरी. जरा तोंड उघडा."

नानांची नजर टोकाच्या लेथवर होती.

मुलीलाही ती दारूच वाटत होती. आई गेल्यापासून घरात दोघंच. मध्यंतरी जेवताना नानांच्या हातून घास सांडला, तेव्हा ती ताटाकडे बघत म्हणाली होती, "बाबा, निदान मी कायम होईपर्यंत तरी." उमेदवारी संपत आली होती तिची. पुढच्या आठवड्यात मेडिकल, मग सही. नाना "बरं" म्हणाले होते. तेही जड जिभेने.

नानांच्या वडिलांनाही सगळी गल्ली दारुडा म्हणायची. पोरं त्यांच्यामागून तशीच झुलत चालायची. त्या पोरांत नानाही असायचे. वडिलांच्या हातात बाटली मात्र कधी कोणी पाहिली नव्हती. "वडील कसे चालायचे तुमचे?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा कुठे नानांच्या ते ध्यानात आलं.

तेव्हा वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती.

मॅनेजरबाईंनी आवाज खाली आणला. "नाना, इतकी वर्षं झाली तुम्हाला इथे. तब्येतीचं काही असेल तर आत्ता सांगा. आपण बघू. नाहीतर मला फुंकायचं मशीन मागवावं लागेल."

"मागवा."

सेक्रेटरीने सुटकेचा श्वास टाकला. नाना दारूला शिवत नाहीत हे त्याला ठाऊक होतं. बरंच झालं, आता मशीनच बोलेल.

वॉचमनने नळी पुढे धरली. त्याचाच चेहरा ओशाळला होता. "फुंका, नाना."

नानांनी फुंकलं.

लाल.

या वेळी कोणी हसलं नाही. लेथ थांबलं. मुलीने पहिल्यांदाच मान वर केली, वडिलांकडे बघितलं, मग नवा तुकडा बसवला आणि लेथ पुन्हा सुरू केलं.

गेटबाहेर सेक्रेटरीने नानांचा दंड धरला. आधार द्यायला की राग आला म्हणून, ते त्यालाही कळलं नसावं.

"अहो, तुम्ही तर थेंबाला शिवत नाही."

"आज शिवलो. सकाळी. नाक दाबून."

"का पण? आजार आहे म्हटलं असतं तर नोकरी राहिली असती. अब्रू राहिली असती."

"त्यांनी आजाराचं नाव विचारलं असतं." नानांची जीभ अडखळली. त्यांनी तोच शब्द पुन्हा उचलला, हळू. "नाव कळलं की बाकीचं कळायला किती वेळ लागतो? मला तो माझ्या बापाकडून आलाय."

सेक्रेटरीच्या हाताची पकड सैल झाली. तो वळून कारखान्याकडे बघू लागला.

"बघू नकोस तिकडे," नाना म्हणाले. "दारुड्याच्या पोरीला कायम करतात रे."