लांबच्या विहिरी

"मंग सातव्या विहिरीचं पाणी डोळ्यावर पडलं, अन् राजाच्या पोराले आपली याडी दिसली." रुपीबाई थांबली. "झाली कथा. बंद कर ते."

साधनानं रेकॉर्डर बंद केला नाही. तांड्यातांड्यांवरच्या म्हाताऱ्या बायांकडून जुन्या कथा गोळा करत ती अमरावतीहून आली होती. बाभुळगावकडच्या या तांड्यात तिचा तिसरा दिवस होता. याडी म्हणजे आई, एवढं तिला आता विचारावं लागत नव्हतं.

"आजी, ही कथा आली कुठून?"

रुपीबाईनं ओसरीच्या टोकाला पाहिलं. तिथं बाजेवर तिचा मुलगा लखन बसला होता, डोळे उघडे ठेवून. दीड महिन्यामागं दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं फवारणी करताना वारा फिरला. कपाशीची पऱ्हाटी त्याच्या डोक्याच्या वर गेलेली. औषध सगळं तोंडावर आलं. नऊ दिवस तो दवाखान्यात होता. जीव वाचला. नजर येणार नाही, असं डॉक्टरांनी रुपीबाईला बाजूला घेऊन सांगितलं, आणि तिनं ते लखनला सांगितलं. त्याच्या मुलीला, राखीला, कुणीच सांगितलं नव्हतं.

"लदेणीतून आली," रुपीबाई म्हणाली. "आमचे लोक बैलांवर मीठ लादून गावोगाव फिरत, तवाची. एका बाईच्या पोराच्या डोळ्यात देवी उतरल्या. आता तांडा काही एका पोरासाठी थांबत नाई. मंग जिथं मुक्काम पडे, तिथल्या विहिरीचं पाणी ते बाई त्याच्या डोळ्याले लावे. म्हणे, हे नाई लागू पडलं, पुढचं पडन."

"मग दिसलं त्याला?"

"कथेत दिसलं."

"आणि खरं?"

"पाचव्या मुक्कामाले पुरलं त्याले."

राखी अंगणातून आली. नऊ वर्षांची पोर, घामानं केस कपाळाला चिकटलेले. दोन्ही हातांत धरलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत गढूळ पाणी होतं. सहा दिवस ती शाळा बुडवून रोज एका विहिरीवर जात होती. आज पाटलाच्या मळ्यातली, सातवी.

"बा, तोंड वर कर."

लखननं तोंड वर केलं. तिनं तळहातावर पाणी घेऊन आधी उजव्या डोळ्यावर मारलं, मग डाव्या. पाणी गालांवरून सदऱ्यात गेलं. बाटली रिकामी होईपर्यंत ती मारत राहिली.

"दिसते?"

ती त्याच्या चेहऱ्याजवळ चेहरा नेऊन उभी होती. तिचा श्वास त्याला लागत असणार.

"दिसून राह्यलं," तो म्हणाला. "थोडं थोडं. दाराकडं उजेड हाये."

दार कुठं आहे हे त्याला जन्मापासून माहीत होतं.

राखीनं बाटली खाली ठेवली आणि ती पळत सुटली. तांड्यातल्या घराघरांसमोरून तिचा आवाज लांब लांब जात राहिला.

"गेली का?" लखननं विचारलं.

"गेली," साधना म्हणाली.

त्यानं बाजेवर अंग टाकलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

"उद्या काय सांगशील तिले?" रुपीबाईनं विचारलं.

"उद्याचं उद्या पाहू."

अर्ध्या तासानं खालच्या गावातली सत्यशीला आली. सोयाबीन सोंगता सोंगताच निघाली होती, विळा अजून हातात होता. तिचा नवरा गोविंदा त्याच वावरात, त्याच दिवशी फवारत होता. दवाखान्यात दोघांच्या खाटा शेजारी होत्या.

ती पायरीवरच उभी राहिली. "मावशी, लखनभाऊले दिसून राह्यलं म्हणते राखी."

रुपीबाईनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

"आमच्यात हे चालत नाई," सत्यशीला म्हणाली. "माह्या आजसासऱ्यानं छप्पन साली घरातले देव नदीत सोडले. तवापासून अंगारा नाई, धुपारा नाई. मीबी कधी मानलं नाई." तिनं विळा या हातातून त्या हातात घेतला. "पण कोणत्या विहिरी, तेवढं सांगा."

लखन कोपरावर उठला. "वहिनी—"

"तू नीज," रुपीबाई म्हणाली. मग सत्यशीलाला विचारलं, "गोविंदाबद्दल डॉक्टरनं काय सांगतलं?"

"याच्याबद्दल सांगतलं तेच."

"खाते का?"

"दोन दिवसांपासून नाई. मले म्हणते, विहीर कोणत्या अंगाले हाये ते सांग, म्हंजे सुटतो. मी त्याले एकटा सोडत नाई."

रुपीबाईनं हातातल्या बांगड्या चाचपल्या.

"याच्या विहिरी त्याले लागू पडत नाईत," ती म्हणाली. "ज्याच्या त्याच्या वेगळ्या रायतात. ध्यानात ठेव. पह्यली राळेगावले, बाजाराच्या मागं. दुसरी बोरी अरबले." एकेक नाव ती सावकाश घेत गेली. सत्यशीला बोटांवर मोजत ते परत म्हणत होती. "सातवी पैनगंगेच्या पल्याड, किनवटाच्या वाटेनं. कोन्या गावची ते तिथं गेल्यावर विचारजो. अन् एका विहिरीनंतर आठ दिवस जाऊ द्यायचे. घाई केली तं पाणी मरते."

"अन् तोवर?"

"तोवर त्याले सांग, पुढचं लागू पडन. अन् म्हण, उपाशी माणसाले कोणतंच पाणी लागत नाई."

सत्यशीलानं मान हलवली. लखनकडं न पाहता ती पायरी उतरली आणि पुन्हा पहिल्यापासून नावं म्हणत गावाच्या वाटेला लागली.

ती दिसेनाशी झाली. मग साधना म्हणाली, "आजी, गावाभोवती एवढ्या विहिरी आहेत. इतक्या लांबच्या का सांगितल्या?"

"जवळच्या सांगतल्या असत्या," रुपीबाई म्हणाली, "तं लवकर सरल्या असत्या."