ओव्हरहॉलिंग

"सांभाळून! आधी पाय सोडवा, पाय!" मिस्त्री ओरडला आणि साखळीला लटकलेली प्रेस मशीन जमिनीपासून वीतभर वर उठली.

बरण्यांची झाकणं बनवणाऱ्या मशीनपैकी ही शेवटची. बाकीच्या लाकडी खोक्यांत बंद होऊन दारातल्या ट्रकवर चढल्याही होत्या. माणसं घामाघूम झाली होती, पण कुणाची कुरकुर नव्हती. उलट चेष्टामस्करीत काम चाललं होतं. का नाही चालणार? मशीन ओव्हरहॉलिंगला चालल्यात, महिन्याभरात नव्यासारख्या होऊन परत येतील, तोवर सगळ्यांना भरपगारी सुट्टी, असं खुद्द मॅनेजरसाहेबांनी सांगितलं होतं. आणि साहेब काही परके नव्हेत. मिस्त्रीचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ.

साहेब खांबाला टेकून उभे होते. मशीन परत येणार नाहीत, हे तिथे त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं. ट्रक जाणार होते ते दूरच्या, झपाट्याने वाढणाऱ्या एका शहराकडे. तिकडे जमीन निम्म्या भावात, वीज स्वस्त, माणसं त्याहून स्वस्त. साहेब स्वतः बघून आले होते. जिकडे नजर जाईल तिकडे क्रेन, प्रत्येक वळणावर नव्या कारखान्याची पाटी, आणि इथल्या दोन खोल्यांच्या भाड्यात तिकडे गॅलरीसकट अख्खा फ्लॅट. त्यांनी तो ठरवूनही टाकला होता. नव्या कारखान्याचे प्रमुख तेच होणार होते. ही शेड तर केव्हाच विकली गेली होती.

"मशीन बाहेर पडेपर्यंत तोंडातून ब्र काढायचा नाही," मालकांनी बजावलं होतं. "नाहीतर लोक फाटकात आडवे पडतील." साहेबांनी ब्र काढला नव्हता. पण सकाळपासून शरमेने ते खांब सोडून पुढेही आले नव्हते.

"साहेब, येता का जरा?" मिस्त्रीने हाक मारली. चारचौघांत तो मेहुण्याला साहेबच म्हणायचा. कोपऱ्यात गेल्यावर मात्र त्याचा आवाज खाली आला. "बाब्या, एक विचारायचंय. पलीकडच्या पंप कारखान्याच्या शेठचा फोनवर फोन चाललाय. कायमची नोकरी देतो म्हणतो. पण आजच काय ते सांगा, नाहीतर दुसरा माणूस घेतो म्हणाला."

"मग?"

"मग काय! तुझी ताई म्हणाली, आधी बाब्याला विचारा. तो सांगेल तसं करा."

साहेबांनी दारातल्या ट्रककडे पाहिलं. खरं सांगावं, तर घटकाभरात शेडभर होणार, ट्रक अडणार, आणि तिकडची खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी मिळणार. न सांगावं, तर ताईचा नवरा या वयात रस्त्यावर. त्यांनी आपली मधली वाट काढली.

"घ्या दाजी, ती नोकरी घ्या."

"काय म्हणतोस?"

"कायमची आहे ना? घ्या. मी सांगतो ना."

"अरे, पण का?"

आता बोलायलाच हवं होतं. साहेबांनी तोंड उघडलंही. तेवढ्यात ट्रकवाल्याने हॉर्न दिला आणि ते मिटलं. "असंच," ते म्हणाले. "तुमच्या भल्यासाठी."

मिस्त्री त्यांच्याकडे रोखून बघत राहिला. मग खो खो हसत सुटला. "मालकांनी पाठवलं होय तुला? म्हातारा टिकतोय का पळतोय, जरा चाचपून ये म्हणून? अरे, मला बनवतोस? तू काहीतरी लपवतोयस हे तुझ्या तोंडावर लिहिलंय!"

"दाजी, तसं नाही हो..."

पण दाजींनी फोन लावलाही होता. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते सांगत होते, "नाही शेठ, नाही जमायचं. आमच्या मशीन येतायत महिन्याभरात परत. आणि मेहुणा मॅनेजर असताना मी दुसऱ्याच्या दारात जाऊ? लोक तोंडात शेण घालतील की!" माणसं हसली. कुणीतरी शिट्टी मारली.

साहेबांचा हात फोन धरायला पुढे झाला होता. तो तसाच वळून स्वतःच्या केसांवरून फिरला. फोन बंद झाला तेव्हा त्यांना हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याचीच किळस आली. इतका हलकट माणूस त्यांनी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता.

शेवटचा ट्रक फाटकाबाहेर पडला. कारखाना बंद झाल्याची नोटीस उद्या लागणार होती, साहेब गावाबाहेर गेल्यावर. आता तरी माणसं घरी जातील असं त्यांना वाटलं. पण जातायत कुठली! मिस्त्री पिवळ्या रंगाचा डबा घेऊन आला आणि गुडघे टेकून जमिनीवर चौकोन आखायला लागला. मशीनचे पाय जिथे जिथे होते, तिथे तिथे.

"हे कशाला, दाजी?"

"परत आल्यावर जागा शोधत बसायला नको. आल्या दिवशी काम सुरू! मालक खूश, आणि तुझी कॉलर ताठ."

आणखी दोघांनी ब्रश घेतले. चौकोन एकेक करत पुढे सरकायला लागले.

"दोन हात मारा रे," मिस्त्री म्हणाला. "पुसला जायला नको." मग मान वर न करताच त्याने ब्रशच्या मुठीने साहेबांच्या बुटावर टकटक केलं. "बाब्या, सरक की जरा. मशीनच्या जागेत उभा आहेस."

साहेबांनी पाय उचलला. आजूबाजूला सगळा ओला रंग होता. पाय ठेवायचा कुठे, ते त्यांना कळेना.