जोडून दिलेला बर्फ

चौसाळ्याच्या फाट्यावर बसमधून उतरताच दीपमालाला स्वतःच्या सत्काराचा फ्लेक्स दिसला आणि तिचं डोकं फिरलं. वर सात पुढाऱ्यांचे चेहरे, कोपऱ्यात ती, मध्ये तिनं उत्तर ध्रुवाजवळ टिपलेलं पांढरं अस्वल. अस्वल मात्र तिचं नव्हतं. तिच्या अस्वलाच्या फासळ्या मोजता येत होत्या. ते बाजेएवढ्या बर्फाच्या तुकड्यावर उभं होतं आणि भोवती काळं पाणी होतं. हे लोण्यावर वाढल्यासारखं गुबगुबीत होतं, आणि त्याच्या पायाखाली पार क्षितिजापर्यंत अखंड बर्फ होता.

रस्ता ओलांडून ती थेट पप्पूच्या फ्लेक्सच्या दुकानात शिरली. पप्पू कॉम्प्युटरवर होता. शेजारी स्टुलावर पन्नाशीचा एक माणूस टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

"माझा फोटो कुणी बदलला?"

"बदलला न्हाई ताई, नीट केला," पप्पू म्हणाला. त्याला शाबासकीच हवी होती. "लई मरतुकडं दिसत होतं. सत्काराच्या बॅनरवर तसं बरं दिसतं का? म्हणून जरा भरून घेतलं. बर्फ फुटलेला होता, तो बी जोडून दिला. दोन तास बसलो त्याला."

पप्पूच्या हातून आजवर एकही माणूस आहे तसा सुटला नव्हता. वाढदिवसवाल्यांना तो गोरं करी, मेलेल्यांना कोट घाली. त्याला त्यात वावगं काही वाटत नव्हतं, आणि याचाच दीपमालाला जास्त राग आला.

"अरे, तो बर्फ जोडता येत नाही म्हणून तर मी तिथं गेले होते. बर्फ नाही म्हणून त्याला शिकार मिळत नाही. उपाशी आहे ते. एवढंच दाखवायला एकोणीस दिवस मी बोटीवर कुडकुडत बसले, आणि तू दोन तासांत त्याला जेवू घातलंस. चार वाजता त्याच्याखाली उभी राहून मी कशाबद्दल बोलू? तो फ्लेक्स उतरव. माझा फोटो आहे तसा छाप, नाहीतर मी सत्काराला येत नाही."

पप्पूनं मान खाली घालून मूळ फोटो उघडला आणि मशीन सुरू केलं. छापणारं डोकं इकडून तिकडं फिरू लागलं. आधी राखी आभाळ आलं, मग पाठीचा कणा, मग एकेक फासळी.

स्टुलावरचा माणूस उठून मशीनजवळ आला. बराच वेळ बघत राहिला.

"ताई, तुमी त्याला काई खायला दिलं का?"

"देता येत नाही. जवळ जायलाही बंदी असते."

"मग फोटो कावून काढला?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तरी तिला तो लागला. "लोकांनी बघावं म्हणून," ती म्हणाली. हे उत्तर तिनं दहा ठिकाणी दिलं होतं. आज ते तिला तोकडं वाटलं.

"आमी बी त्याच्यासाठीच काढलता."

त्यानं कॉम्प्युटरकडे बोट केलं. पडद्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स तयार होत आला होता. कै. अंजना शहादेव मिसाळ. भरलेले गाल, गळ्यात ठुशी, जरीची साडी, पाठीमागे धबधबा. खाली ‘शोकाकुल’ म्हणून ऊसतोडीच्या मुकादमाचा हसरा फोटो.

"ही कोण हाय ते मला बी ठावं न्हाई," स्टुलावरून उठलेला तो माणूस, शहादेव, म्हणाला. "आमची मालकीण ही हाय."

त्यानं मोबाइल पुढे केला. उसाच्या फडावरची पाचटाची कोपी आणि कोपीच्या दारात बसलेली एक बाई. गाल आत गेलेले, गळ्याची हाडं वर आलेली. ती थेट बघत होती.

"बारा दिस ताप हटंना. मुकादमाला म्हणलं, गावाकडं नेतो हिला. तर म्हणला, खाडा धरीन, नाटकं हायेत बाईची. म्हणून पोरीनं ह्यो फोटो काढून त्याला धाडला. निळी खूण आली. बघितला त्यानं."

"मग?"

"मग काई न्हाई."

"मुकादमानंच सांगितलंय भरून घे म्हणून," पप्पू पुटपुटला. "बॅनर त्योच लावतोय. दहाव्याला पाव्हणे येतील, तिला असं बघून काय म्हणतील, असं म्हणला."

दीपमालाला लाज वाटली. मघापासून ती अस्वलासाठी भांडत होती आणि हा माणूस शेजारी गप्प बसून होता. लाजेनं तिचा राग कमी झाला नाही, वाढलाच.

मशीनमधून अस्वलाचे पाय बाहेर आले, मग पायाखालचा तो तुकडा. शहादेवनं ओल्या शाईला हात न लावता वाकून पुन्हा एकदा फासळ्या बघितल्या. मग मोबाइल पप्पूच्या पुढ्यात ठेवला.

"आमची बी हाय तशीच काढ."

"मुकादम मला सोडायचा न्हाई."

"शहादेवनं सांगितलं म्हण."

पप्पूनं दीपमालाकडे बघितलं. तिनं खुर्ची ओढली आणि ती त्याच्या शेजारी बसली. "काढ," ती म्हणाली. "मी आहे इथं."

धबधबा गेला. जरीची साडी गेली, ठुशी गेली, गाल गेले. कोपीच्या दारातली अंजना पडद्यावर आली. पप्पूचा हात खालच्या हसऱ्या फोटोवर येऊन थांबला.

"मग ह्याला काढून टाकू का?"

"नको," शहादेव म्हणाला. "वर घे त्याला, तिच्या बाजूला. आन् हासतोय तसाच ठेव."