वाचायची रेघ

"रेघ बोटभर वर घ्या," बाई म्हणाल्या.

पानकाकांनी टॅबवरची लाल रेघ बोटभर वर सरकवली.

"फार झालं. आता अर्धं बोट खाली."

काका पेशाने शिंपी. अर्धं बोट म्हणजे किती, हे त्यांना सांगावं लागत नसे. त्यांनी रेघ खाली घेतली, मान तिरकी करून पाहिली आणि जाणकारासारखा हुंकार दिला. रेघेवर काय लिहिलंय, ते मात्र त्यांना विचारू नका. एकतीस वर्षं बाईंच्या पियानोशेजारी बसून स्वरलिपीची पानं उलटणाऱ्या या माणसाला स्वरलिपीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

त्याचं असं झालं. काका एकदा सभागृहाच्या पडद्याला टाके घालायला आले होते. बाईंचा पानं उलटणारा ऐनवेळी आजारी पडलेला. बाईंनी समोर दिसेल त्याला विचारलं, "स्वरलिपी वाचता येते ना?"

"म्हणजे काय!" काका बोलून गेले.

ते शब्द परत घ्यायला पुढे सवडच मिळाली नाही. बाई वाजवता वाजवता मान हलवायच्या, काका पान उलटायचे. एकदाही बोलणी खावी लागली नाहीत. गावभर त्यांचं नाव पानकाका पडलं. झाकली मूठ सव्वा लाखाची!

आता बाईंच्या भाचीने हा टॅब आणला होता आणि त्यात पानंच नव्हती. अख्खी रचना लांबलचक पट्टीसारखी खालून वर सरकत जायची. लाल रेघ म्हणजे वाचायची जागा. वाजणारी ओळ बरोबर त्या रेघेवर यायला हवी.

"रेघ फार खाली ठेवली तर पुढचं दिसत नाही," भाचीने समजावलं. "वेग मी लावून दिलाय मावशी, पट्टी आपोआप सरकेल. माझ्या वाद्यवृंदाच्या रचनाही यातच आहेत, त्यांना फक्त हात लावू नकोस. आणि आता शेजारी कुणी बसायची गरजच नाही."

भाची व्हायोलिन शिकत होती. तिला सगळं वाचता येत होतं, हीच खरी पंचाईत होती.

बायको गेल्यापासून काकांना घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. आठवड्यातून दोन संध्याकाळी त्या खुर्चीवर बसायला मिळतं, म्हणून उरलेले पाच दिवस ते लोकांच्या पँटी आखूड करत होते. खुर्ची गेली तर नुसत्या पँटी उरणार होत्या.

"आणि रेघ कोण सांभाळणार?" बाई म्हणाल्या. "ती हलली की मला काही सुधरत नाही. काका बसतील."

"जमेल त्यांना?"

"त्यांची नजर तयार आहे. काय काका?"

"म्हणजे काय!"

मग आठवडाभर रेघेची तालीम चालली. बाई पहिल्यापासूनच शिस्तीच्या. नवी रचना घ्यायची ठरली की आधी महिनाभर तिचं ध्वनिमुद्रण ऐकायच्या, कागद त्यानंतर घरात. आधी कान, मग डोळे. काका हे गिऱ्हाइकांना मापं घेता घेता कौतुकाने सांगत.

कार्यक्रमाच्या दिवशी, पडदा उघडायला पाच मिनिटं असताना, काकांनी बाहीने टॅब पुसला. पुसता पुसता बोट कुठेतरी लागलं आणि रचना गायब झाली. समोर आली नुसती यादी. भाचीने नावांऐवजी आकडे घातलेले. एक ते चौदा.

भाची प्रेक्षकांत जाऊन बसली होती. बाईंना विचारावं, तर स्वरलिपी वाचणाऱ्याने हे एका नजरेत ओळखायला हवं. काकांनी मनातल्या मनात सगळ्या देवांना हात जोडले आणि नऊवर बोट ठेवलं. ठिपक्यांची ओळ आली. सरळ, एकसारखी, उत्तम शिवणीसारखी. काकांना ती आवडली.

बाई आल्या, बसल्या, चष्मा लावला आणि टॅबकडे नीट पाहिलं.

"रेघ किंचित खाली," बाई म्हणाल्या.

काकांचा जीव भांड्यात पडला. म्हणजे नऊच होतं तर!

बाई त्या दिवशी अशा वाजवत होत्या, की काकांच्या अंगावर काटा आला. पट्टी सरकत होती. मध्ये बाईंनी दोनदा मान हलवली, काकांनी दोनदा रेघ सूतभर हलवली. वाजवून झालं तेव्हा अख्खं सभागृह उभं राहिलं. काकाही उभे राहून वाकले. थोड्या टाळ्या आपल्याही आहेत, असं त्यांना मनापासून वाटलं.

आत आल्यावर भाचीने टॅब बंद करायला उचलला आणि ती थबकली.

"काका, हे कुणी उघडलं?"

"मी. का?"

"अहो, हा ड्रमचा भाग आहे! आमच्या वाद्यवृंदाचा. यात सूर एकही नाही, नुसते ठोके."

"मला सगळं पाठ असतं," बाई पटकन म्हणाल्या. "रेघ जागेवर होती, तेवढं पुरे. तू जा, गाडी आली का बघ."

भाची गेली. काका मटकन खुर्चीत बसले. एकतीस वर्षांचं पितळ उघडं पडलं होतं. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"बाई, मला वाचता येत नाही," ते खाली मान घालून म्हणाले. "कधीच येत नव्हतं. पहिल्या दिवशी खोटं बोललो. उद्यापासून खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या."

बाईंनी चष्मा काढला. पदराने बराच वेळ पुसला. मग उठून दार लावून घेतलं आणि काकांच्या कानाशी आल्या.

"काका," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "मग इतकी वर्षं आपल्या दोघांत वाचत कोण होतं?"