लाइस्बेटचा दगड

या, जरा जवळ सरकून बसा. ॲमस्टरडॅमच्या कालव्याकाठच्या एका घराची गोष्ट सांगते.

त्या घराचा पहिला दगड, तिथल्या रिवाजाप्रमाणे, घरातल्या लेकरानंच ठेवलेला. दगडावर ‘वय वर्षे चार’ एवढंच उरलं होतं. नाव पावसानं पुसलं होतं. उद्या दगड कोरणारा येणार होता. तोवर नाव मिळालं नाही, तर ती जागा तो घासून कायमची सपाट करणार होता.

तीन महिने दफ्तरखान्यात जुने कागद चाळणाऱ्या फेमकेला आज दुपारी ते नाव सापडलं. तिनं सायकल अशी दामटली, की टोपी कालव्यात पडली तरी थांबली नाही.

“मावशी, सापडलं!” ती पायरीवरूनच ओरडली. “लाइस्बेट! लाइस्बेट तिचं नाव!”

दारात कोण आलंय ते बसल्या जागी दिसावं म्हणून वर खिडकीबाहेर छोटा आरसा लावलेला होता. त्यात बघत घरमालकीण कोबामावशी हसली. “वर ये, कॉफी तयार आहे. त्या पोरीलाही आण. पण बिस्कीट एकेकच मिळेल हं!”

फेमके दार लावून धापा टाकत वर आली. “कुठली पोर? मी एकटीच आहे.”

“अगं, चारेक वर्षांची. तुझा हात धरून उभी होती की!”

फेमकेनं आरशात पाहिलं. पायरी रिकामी होती. तिनं नुकतंच लावलेलं दार मात्र सताड उघडं होतं.

मावशीनं बंद केलेला बिस्किटांचा डबा पुन्हा उघडला आणि तिसरं बिस्कीट काढलं.

मंडळी, लाइस्बेटची आठवण ठेवा. कितीतरी वर्षांनी तिला कुणी हाक मारली होती.