इमोजेनचं ताट

डॅरेलने क्रीमचा डबा पातेल्यात उपडा केला आणि उरलंसुरलं चमच्याने खरवडून घेतलं. इमोजेन फ्रिजला टेकून बघत होती. स्वयंपाक चालू असताना तिला तिथे थांबू देऊ नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीला दंडाला धरून बाहेर काढणं त्याला अजून जमलं नव्हतं.

"अर्धं नुसतं दूध घातलं असतंस तरी चाललं असतं," ती म्हणाली.

"नसतं चाललं."

बीफचा खिमा, कांदा, टोमॅटो, पास्ता, सगळं एकाच पातेल्यात रटरटत होतं. डॅरेलला येणारा हा एकच पदार्थ. त्याच्या बायकोची, केरिनची, हॉस्पिटलात संध्याकाळची पाळी असली की तो हाच करायचा, आणि मुली पातेल्याच्या बुडाशी लागलेल्या खरपुडीवरून भांडायच्या. आता तो आठवड्यातून तीनदा करत होता, कारण यातलं लोणी, क्रीम, चीज कुणाला निवडून बाजूला काढता येत नव्हतं.

तीन आठवडे इमोजेनच्या वजनाचा काटा वर हलला नव्हता. येत्या सोमवारीही हलला नाही, तर तिला होबार्टच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखल करायचं ठरलं होतं.

त्याने तीन ताटल्या वाढल्या. जेवताना जेवणाविषयी बोलायचं नाही, असा नियम होता. म्हणून त्याने तो चालवायचा त्या शाळेच्या बसमधली गोष्ट सांगितली. सकाळी उतारावर एक गाय आडवी आली, हॉर्नला दाद देईना, आणि मागची सगळी मुलं तिला एकेक नाव द्यायला लागली. आठ वर्षांची ब्राइडी हसली, जरा जास्तच हसली. इमोजेन काट्याने पास्ता एका कडेवरून दुसऱ्या कडेला सरकवत राहिली. ताटलीतला रस्सा थिजत चालला. अर्धा तास झाला.

तेवढ्यात केरिनचा फोन आला. डॅरेल व्हरांड्यात गेला आणि दार ओढून घेतलं. बाहेर समुद्राकडून बोचरा वारा येत होता. इमोजेन जेवायला बसली आहे, पण अजून सुरुवात नाही, असं त्याने सांगितलं. चिडू नकोस, केरिन म्हणाली. हट्ट ती करत नाही, तिचा आजार करतो. हे त्याला पाठ झालं होतं. तरी त्याने सगळं ऐकून घेतलं. काचेतून त्याला इमोजेनची पाठ तेवढी दिसत होती. स्वेटरमधूनही खांद्याची हाडं कळत होती.

फोन कानाला लावूनच तो आत आला. इमोजेनची ताटली रिकामी होती.

"केरिन," तो म्हणाला, "खाल्लं तिने. सगळं खाल्लं."

 पलीकडे केरिन रडायला लागली. कुणीतरी तिला काय झालं म्हणून विचारलं, आणि ती त्यांना सांगताना ऐकू आली, माझी मुलगी जेवली. तिला पाळीवर परत जायचं होतं. फोन ठेवताना ती हसत होती.

इमोजेनच्या केसांवरून हात फिरवावा असं डॅरेलला वाटलं. तिने मान वर केली नाही.

ब्राइडी खुर्चीवरून उठली, मोरीकडे धावली, पण पोहोचली नाही. डॅरेलने तिचं कपाळ धरलं. तिचं पोट ढोलकीसारखं ताणलं होतं. जे बाहेर पडत होतं, ते एका मुलीच्या जेवणाहून कितीतरी जास्त होतं.

"किती खाल्लंस तू?"

"माझं." तिने बाहीला तोंड पुसलं. "आणि इमीचं."

"आजच?"

ब्राइडीने नजर चुकवली. मग म्हणाली, "ताट उरलं तर इमीला होबार्टला नेणार आहेत. तू आणि आई गाडीत बोलत होतात. मी झोपले नव्हते."

डॅरेलने इमोजेनकडे पाहिलं.

"मी तिला खा म्हटलं नव्हतं," इमोजेन म्हणाली. मग तिने हळूच पुढे म्हटलं, "नको असंही म्हटलं नाही."

त्याने फोन उचलला, केरिनचा नंबर काढला, आणि पुन्हा ओट्यावर ठेवून दिला. फरशी पुसली. ब्राइडीचं तोंड धुतलं, तिला कोरडा शर्ट घातला. इमोजेनवर ओरडण्यासाठी जे काही तोंडात आलं होतं, ते या सगळ्यात निघून गेलं. राहिली ती भीती. पातेल्यात अजून होतं. त्याने ते मंद आचेवर गरम केलं, स्वच्छ ताटली काढली आणि पहिल्याइतकंच वाढून इमोजेनसमोर ठेवलं. 

"मी इथेच बसतोय," तो म्हणाला. "फोन आला तरी."

"तिला खोलीत पाठव, बाबा."

"मी नाही जाणार," ब्राइडी म्हणाली. ती आपल्या खुर्चीत बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. तिचे ओठ पांढरे पडले होते.

इमोजेन ताटलीकडे बघत राहिली, मग बहिणीकडे. घड्याळात सव्वासात झाले, साडेसात झाले.  शेवटी इमोजेनने काटा उचलला. एक घास तोंडात घेतला आणि डोळे मिटले.

ती चावू लागली. फार वेळ चावत राहिली. पलीकडे ब्राइडीचं तोंड रिकामं होतं, पण तेही तिच्या बरोबरीने हलत होतं.