येते म्हणावं

"जातो नाही, येतो म्हणावं, बाळा." पुलाचा कठडा द्वारकाबाईंच्याच आवाजात बोलला, तशा भाजीची पिशवी घेऊन निघालेल्या द्वारकाबाई चरफडल्या.

मागे याच पुलावर एक अनोळखी तरुण फोनवर "जातो मी" म्हणून कठड्यावर चढत होता, तेव्हा सवयीनं त्या हे बोलून गेल्या होत्या. त्याला आई आठवली. तो खाली उतरून ओक्साबोक्शी रडला. जीव द्यायला आलेल्यांना रोखण्यासाठी कठड्यात बसवलेल्या यंत्रानं त्यांचे ते शब्द उचलले आणि बघता बघता राज्यातला प्रत्येक पूल त्यांच्या आवाजात बोलू लागला. तेव्हापासून पुलावर कोणी कुणासाठी थांबेनासं झालं. कठडा बोलतोय ना, मग आपण कशाला?

आज कठड्यापलीकडे एक मुलगी उभी होती आणि माणसं शेजारून निघून जात होती.

"अगं पोरी, थांब!" द्वारकाबाई ओरडल्या.

"गप गं, मशीन," मुलगी मागे न बघताच म्हणाली.

द्वारकाबाई तिच्याकडे धावल्या. "मेल्या यंत्राला बाईमाणूससुद्धा कळत नाही! येते म्हणावं गं, येते!"

कठडा तर मुलींनाही 'येतो'च म्हणायचा; मुलगी चमकून वळली. "तुम्ही... खऱ्या आहात?"

पिशवी टाकून द्वारकाबाईंनी तिचं मनगट धरलं आणि तिला अलीकडे ओढून घेतलं.

कठड्यावरचा हिरवा दिवा लुकलुकला. यंत्र शिकत होतं.

"येते म्हणावं गं, येते," कठडा त्यांच्याच आवाजात, मायेनं म्हणाला.

द्वारकाबाईंनी चटकन तोंडाला पदर लावला. पुढच्या पोरीला हाक मारायला आता त्यांच्याकडे स्वतःचं असं काहीच उरलं नव्हतं.